गळ्यातला डोंगल

सबनीस साहेब मला कधीच आवडले नाहीत. त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली, त्यांच्याकडून जे शिकले त्यावर पुढे पोटही भरलं, तरीही आवडले नाहीत. माणूस नजरेआड झाला की त्याच्यावरचा राग हळूहळू ओसरतो असं मला पुष्कळांनी सांगितलं. माझा ओसरलेला नाही, आणि ओसरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी होती. कोल्ड स्टोरेजला लागणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. भिंतीवर लावायची एक पत्र्याची पेटी, तिच्यावर आकड्यांचा डिस्प्ले, चार बटणं आणि आत एक चिप. खोलीचं तापमान किती हवं ते पेटीला सांगायचं, मग कॉम्प्रेसर कधी चालू करायचा आणि कधी बंद करायचा ते पेटी पाहते. नाशिक जिल्ह्यात द्राक्षं होती, परदेशी जाणाऱ्या द्राक्षांना थंड खोल्या लागत होत्या, आणि थंड खोल्यांना आमच्या पेट्या लागत होत्या. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. धंदा बरा चालला होता.

त्या चिपमधला प्रोग्राम लिहिणारे आम्ही चार-पाच जण, आणि आमच्यावर सबनीस. किडकिडीत, ताठ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि त्यावर मे महिन्यातसुद्धा राखाडी स्वेटर, कारण कॉम्प्युटरच्या खोलीतला एसी त्यांना सोसत नसे आणि बंद केलेलाही चालत नसे. सगळ्यांना 'अहो' म्हणायचे. प्यूनलाही 'अहो', नव्याने लागलेल्या पोरांनाही 'अहो'. अपमान करतानाचं त्यांचं 'अहो' इतकं स्वच्छ आणि शुद्ध असायचं, की त्यापेक्षा कुणी सरळ शिवी हासडलेली परवडली असती. मला ते 'बाईसाहेब' म्हणत. पॉलिटेक्निकमधून आलेल्यांना 'डिप्लोमा' म्हणत. "अहो डिप्लोमा, जरा इकडे येता का?" अशी हाक आली की खोलीतले बाकीचे सगळे आपापल्या पडद्यात डोकं खुपसायचे.

आणि त्यांच्या गळ्यात डोंगल असायचा.

डोंगल म्हणजे काय ते सांगायला हवं. आम्ही प्रोग्राम लिहायचो ते माणसाला वाचता येईल अशा भाषेत. त्याचं चिपला कळणाऱ्या आकड्यांत भाषांतर करायचं काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्राम करतो. हा कंपायलर महाग, आणि आमच्या शेठनी तो एकाच कॉम्प्युटरपुरता घेतलेला. त्याची चोरी होऊ नये म्हणून विकणारे काडेपेटीएवढा एक तुकडा सोबत देत. तो कॉम्प्युटरच्या मागे, प्रिंटरची वायर लागते तिथे लावला तरच कंपायलर चाले. हा तुकडा कुठलाही शहाणा माणूस एका मशीनला लावून विसरून गेला असता. सबनीसांनी त्याला भोक पाडून काळ्या गोफात ओवला आणि गळ्यात घातला.

त्यामुळे व्हायचं असं, की आपला प्रोग्राम चालतो की नाही हे पाहायला प्रत्येकाला फ्लॉपी घेऊन साहेबांच्या केबिनसमोर उभं राहावं लागे. दवाखान्यात नंबर लावल्यासारखं. आपली पाळी आली की ते गोफ डोक्यावरून काढत, खाली वाकून डोंगल लावत, फ्लॉपी घेत आणि पडद्यावर येणाऱ्या चुका मोठ्यांदा वाचून दाखवत. केबिनचं दार त्या वेळी मुद्दाम उघडं. "ओळ एकशे चार. अर्धविराम नाही. बाईसाहेब, शाळेत विरामचिन्हं होती ना?" मग पुढची चूक, मग त्याच्या पुढची. सगळ्या वाचून झाल्या की फ्लॉपी दोन बोटांत धरून परत द्यायची. कंपनीतल्या हुशार मुलांनी दोनेक वर्षांत दुसरीकडे नोकऱ्या धरल्या त्याचं मुख्य कारण हे खुलं वाचन होतं, पगार नव्हे.

माणूस बुद्धीने कमी होता असं मी म्हणणार नाही. चिपमधले आकडे छापलेले लांबलचक कागद ते वर्तमानपत्रासारखे चाळायचे आणि मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून सांगायचे, की इथे गडबड आहे. बहुतेक वेळा असायचीही. हीच तर चीड होती. मठ्ठ माणसाला माफ करता येतं.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं: "कंपायलर चुकत नाही, माणूस चुकतो." रोज म्हणायचे. एखाद्याने भीत भीत सांगितलं, की साहेब, माझा प्रोग्राम बरोबर दिसतोय पण चालत नाही, की हे वाक्य आलंच. खरं तर कंपायलरही माणसांनीच लिहिलेला असतो. पण हे त्यांना सांगायची कुणाची टाप नव्हती.

एका दसऱ्याची गोष्ट सांगते. दसऱ्याला अंबडमधल्या सगळ्या कारखान्यांत मशीनना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात, पेढे वाटतात. त्याच महिन्यात सबनीस मुंबईला जाऊन कंपायलरची नवी आवृत्ती घेऊन आले होते. मोठा खोका, आत जाडजूड पुस्तकं आणि नवा डोंगल. साहेबांनी खोका पाटावर मांडला, डोंगल ताम्हनात ठेवला आणि स्वतः पूजा केली. गंध, फूल, हळद, कुंकू सगळं यथासांग. दुसऱ्या दिवशी डोंगल लावला तर कंपायलर सुरूच होईना. पुन्हा लावला, पुन्हा नाही. विकणाऱ्याला फोन केला, मुंबईवाल्यांना इंग्रजीत झापलं, प्यूनने डोंगल बदलला असा त्याच्यावर आरोप झाला. अखेर तोच प्यून म्हणाला, "साहेब, त्याच्या भोकात कुंकू गेलंय बघा." सबनीसांनी डोंगल उजेडाला धरला, टाचणीने कुंकू कोरून काढलं, लावला, चालला. त्या दिवशी आम्ही जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या मागच्या बाजूला जाऊन हसलो. खोलीत हसणं शक्यच नव्हतं. प्यूनची माफी मात्र त्यांनी मागितली नाही.

नव्या कंपायलरचा त्यांना फार अभिमान होता. त्याने केलेलं भाषांतर आधीच्यापेक्षा आटोपशीर यायचं आणि प्रोग्राम वेगाने चालायचा. शेठना त्यांनी आलेख काढून दाखवला. शेठ कापडाच्या धंद्यातून आलेले; त्यांना आलेखातली वर जाणारी रेघ तेवढी कळली आणि ते खूश झाले.

आता भोयेकडे येते. काशिनाथ भोये सुरगाण्याकडचा. डोंगराकडची माणसं, पावसाळ्यात भात-नागली, आणि पीक निघालं की कुटुंबच्या कुटुंब निफाड-चांदवडकडे द्राक्षांच्या बागांत कामाला. त्याचे आई-वडीलही दरवर्षी जायचे. आश्रमशाळेत शिकून, नाशिकला डिप्लोमा करून तो आमच्याकडे लागला. त्याच्या गावातून अशा नोकरीला लागलेला तो पहिलाच. चांगलं काम करायचा, फार अफाट काही नाही; मात्र चिडका होता. 'डिप्लोमा' म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. एकदा त्याने साहेबांना तोंडावर सांगितलं, "साहेब, मला नाव हाय." सबनीस म्हणाले, "अहो असेल ना. कामात दिसलं की वापरू." संध्याकाळी भोये मला म्हणाला, "ताई, मी इथून काहीतरी करूनच जाईन."

त्याला दिलेलं काम किरकोळ होतं. खोलीचं दार उघडं राहिलं की आमच्या पेटीचा भोंगा वाजायचा. गिऱ्हाइकांची तक्रार होती, की माल भरताना दार सारखं उघडतं आणि भोंगा जीव नकोसा करतो. तो जरा थांबून वाजावा, एवढाच बदल भोयेने केला. तो बदल आणि नवा कंपायलर, दोन्ही एकाच वेळी पहिल्यांदा बाहेर गेले. नव्या पेट्या चांदवडच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या एका कोल्ड स्टोरेजला लागल्या.

ऐन हंगामात तिथली एक खोली गोठली. शून्याच्या जरा वर राहायची ती कितीतरी खाली गेली आणि परदेशी जायची द्राक्षं आतल्या आत फुटली. अनेक बागाईतदारांचा माल होता. पेटीला विचारावं, तर ती सांगत होती की मला एवढंच तापमान ठेवायला सांगितलं आहे. भोंगाही वाजला नव्हता, कारण पेटीच्या मते सगळं आलबेल होतं.

मी आणि भोये तिथे गेलो. निवृत्ती नावाचा ऑपरेटर होता. कसनुसा चेहरा करून आमच्या मागे मागे फिरत होता. मी पेटीकडे पाहिलं, तर एक बटण दाबलेल्या स्थितीत अडकवलेलं. द्राक्षांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून फटीत खोचला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"मॅडम, ते बटन दाबून ठेवलं का समद्या खोल्यांचं टेम्प्रेचर एकामागं एक दिसत राहतं," निवृत्ती म्हणाला. "मालकांचा सारखा फोन येतो ना. किती हाय, किती हाय. मंग दर वेळी कोन दाबत बसंल? लय दिवसांपासून खोचलेलाय. जुन्या पेटीला पन होता. तवा काय नाय झालं."

आमच्या कंपनीत ते बटण कुणी दोन सेकंदांच्या वर दाबलं नव्हतं. कशाला दाबेल?

परत येऊन आम्ही टेबलावर नवी पेटी मांडली, बटणात पुठ्ठा खोचला आणि दाराचा स्विच उघड-बंद करत बसलो. चहा येईपर्यंत पेटीने आपलं ठरलेलं तापमान आपणच बदललं.

काय झालं असावं ते मला कळलं. चालत्या प्रोग्रामला हातातलं काम मांडायला थोडी जागा लागते. तिला स्टॅक म्हणतात. स्वयंपाकाच्या ओट्यासारखी ती जागा. काम निघालं की भांडी मांडायची, झालं की उचलायची. आमच्या चिपमधला ओटा वीतभर, आणि त्याला लागूनच 'तापमान किती हवं' हा आकडा ठेवलेला. दाबून ठेवलेलं बटण आणि उघडं दार, दोन्हींची कामं एकदम निघून ओट्यावर जास्त भांडी मांडली गेली तर ती सरळ त्या आकड्यावर जाऊन बसणार, आणि आवाजही होणार नाही. आम्ही स्टॅकची सगळी जागा आधी एकाच आकड्याने भरली, पेटी चालवली आणि कुठवर पुसली गेली ते पाहिलं. सगळीच पुसली होती, आणि पलीकडचंही. मग कपाटातली जुनी पेटी, जुन्या कंपायलरची, तशीच चालवली. तिच्यात निम्म्याहून जास्त जागा कोरी.

हे घेऊन आम्ही सबनीसांकडे गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"जुन्यात ठीक होतं, नव्यात बिघडलं," ते म्हणाले. "मधे काय बदललं? भोयेंनी भोंगा बदलला."

"मधे कंपायलरही बदलला," मी म्हटलं. "तो छोटी छोटी कामं एकत्र करून एकच मोठं काम बनवतो आणि सगळ्यांची भांडी एकदम ओट्यावर काढून ठेवतो असं मला वाटतं. वेग त्यामुळेच वाढला असेल."

"अहो बाईसाहेब, कंपायलर जगभर हजारो लोक वापरतात. भोयेंना फक्त आपण वापरतो."

भोये माझ्या शेजारीच उभा होता.

"तपासून बघता येईल," मी म्हटलं. "भोयेच्या बदलाच्या आधीचा प्रोग्राम घ्या. तो नव्या कंपायलरमधून काढा. त्याचाही ओटा भरून वाहिला, तर भोयेची चूक नाही. नाही वाहिला, तर आहे. मी फ्लॉपी आणलीय. डोंगल द्या, मी करते."

त्यांचा हात आपसूक गळ्याकडे गेला. "डोंगल मी देत नाही. मी बघतो," म्हणाले, आणि त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. ते दार कामाच्या वेळात बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही बाहेर थांबलो. जेवायची सुट्टी झाली, तरी कुणी उठलं नाही. भोये नखं कुरतडत बसला होता. त्याची कायम व्हायची वेळ जवळ आली होती, आणि शेठनी कुणाला तरी काढणार हे उघड बोलून दाखवलं होतं. शिवाय ज्या बागाईतदाराचा सर्वांत जास्त माल गेला, त्याच्याच बागेत त्याचे आई-वडील तेव्हा कामाला होते. ही द्राक्षं त्यांनी तोडलेली होती. हे तो मला त्या दिवशी पहिल्यांदा बोलला.

पुष्कळ वेळाने सबनीस बाहेर आले. त्यांच्या हातात माझ्या फ्लॉपीवरचा प्रोग्राम भरून तपासलेली चिप होती. चिपमधलं लिहिलेलं पुसायला आमच्याकडे एक अल्ट्राव्हायोलेट दिव्याची पेटी होती. थोडा वेळ आत ठेवली की चिप कोरी. हे काम नेहमी प्यून करायचा. त्या दिवशी सबनीसांनी स्वतः जाऊन चिप आत ठेवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

"तुमची शंका चुकीची निघाली," ते मला म्हणाले. "आधीचा प्रोग्राम नव्या कंपायलरवर व्यवस्थित चालतो. चूक भोंग्याच्या बदलात आहे."

"मला दाखवा."

"मी पाहिलं आहे, बाईसाहेब."

मी शेठकडे गेले. शेठ म्हणाले, "सबनीसने चेक किया ना? मग झालं." दोन दिवसांनी भोयेचा बदल काढून, नव्या कंपायलरवर पुन्हा केलेला प्रोग्राम चांदवडला गेला. निवृत्तीने पुठ्ठा खोचला, दारं उघडली, काही झालं नाही. सबनीस म्हणाले, बघा. आणि मी गप्प बसले, कारण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. कंपायलर चालवताना ते कोणते पर्याय देतात, स्टॅकला जागा किती ठेवतात, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नसे. पण झाकणावरचा तो हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

बागाईतदारांची समजूत घालायला कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बैठक झाली. जीपमधून सबनीस, भोये आणि मी. पंधरावीस बागाईतदार खुर्च्यांवर बसलेले, सगळे तापलेले. सबनीस उभे राहिले आणि अत्यंत सुरेख मराठीत बोलले. कंपनीला खेद आहे, दोष सापडला आहे, तो दूर केला आहे. मग बाजूला सरकून म्हणाले, "हे आमचे भोये. नवीन आहेत. यांच्या हातून झालं."

भोयेला ते नावाने हाक मारायला लागले होते, ते हे असं.

पुढच्या रांगेतला एक जाडजूड माणूस डोळे बारीक करून पाहत होता. "तू सुरगान्याच्या भोयेचा पोरगा ना रे? दिवाळीनंतर तुझा बाप माझ्या बागेत असतो. मला सांगायचा, पोरगं कंपनीत साहेब हाय."

भोये मान खाली घालून "हो" म्हणाला.

"बापानं तोडायची आन पोरानं नासवायची व्हय," तो माणूस म्हणाला. काही जण हसले. सबनीसांनी घड्याळ पाहिलं.

परतीच्या वाटेवर भोये मागच्या बाकावर माझ्यासमोर बसला होता. नाशिकच्या द्वारका चौकात उतरताना मला म्हणाला, "ताई, साहेबांनी तपासलंय म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असंल. इतकं खोटं कोण कशाला बोलंल?" पुढे त्याला कामावरून काढला, पण त्याहीपेक्षा हे मला जास्त लागलं. रोज भांडणारा पोरगा, त्याला स्वतःचीच खात्री वाटेनाशी केली होती. त्याच्या वडिलांनी पुढच्या हंगामात ती बाग सोडली. कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. म्हातारा म्हणाला, मला तोंड दाखवायची लाज वाटते. लांबची, कमी बऱ्या माणसाची बाग धरली. भोये यथावकाश गावाजवळच्या आश्रमशाळेत शिक्षक झाला. दिवाळीला त्याचा मला फोन यायचा. बागेचं हे एकदा सांगितल्यावर जुन्या कंपनीचा विषय तो काढत नसे, आणि मीही नाही.

मीही पुढे ती नोकरी सोडली. निरोपसमारंभात सबनीस माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलले. मी पेढा घेतला नाही.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं होतं. द्वारकेचा उड्डाणपूल अजून झाला नव्हता, आणि तो चौक ओलांडणं म्हणजे जिवावरचं काम होतं. मी बसथांब्यावर उभी होते. शेजारी एक म्हातारा गृहस्थ, अंगात राखाडी स्वेटर.

"बाईसाहेब ना?" ते म्हणाले.

रिटायर झाले होते. नाशिकरोडला मुलाकडे राहत होते. मी काय करते, कुठे असते, विचारलं. मी तुटक उत्तरं दिली. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी अजून चिपचेच प्रोग्राम लिहिते हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला. सर असल्यासारखे बोलायला लागले.

"एक लक्षात ठेवा. कंपायलरची आवृत्ती बदलली, की आधी स्टॅक मोजायचा. वेग नाही, आकार नाही, स्टॅक. नव्या आवृत्तीत एका जागी सुधारणा करतात आणि दुसऱ्या जागी नासवतात. आपल्याच त्या द्राक्षांच्या वेळी बघा ना. दुपटीच्या वर गेला होता."

"कुणाचा?" मी विचारलं.

"प्रोग्रामचा. तुम्ही फ्लॉपी दिली होती ना, आधीची? तिचाही तेवढाच. भोंग्याचा काही संबंधच नव्हता. तुमचा तर्क अगदी बरोबर होता. छोटी फंक्शन्स एकात घुसवत होता तो कंपायलर. मी ते बंद करायचा पर्याय दिला आणि मग प्रश्न मिटला." विद्यार्थिनीला शाबासकी द्यावी तसे ते माझ्याकडे पाहून हसले.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"तासाभरात."

"मग शेठना का सांगितलं नाहीत?"

त्यांनी जरा विचार केला. ओशाळल्याची कसलीही खूण नाही. "कंपायलर म्हणजे काय, हे शेठना कळत नव्हतं. माणूस कळत होता. त्यांना कुणीतरी माणूस हवा होता. आणि तो कंपायलर मी निवडलेला होता, बाईसाहेब. मग माणूस मी झालो असतो."

मी त्यांना भोयेच्या वडिलांचं सांगितलं. बाग का सोडली ते सांगितलं. माझा आवाज चढला होता. थांब्यावरचे लोक वळून पाहत होते. त्यांनी सगळं ऐकलं. "हो का," म्हणाले. "वाईट झालं. हुशार होता तो डिप्लोमा." तेवढ्यात नाशिकरोडची बस आली आणि ते दांडा धरून सावकाश वर चढले. खिडकीजवळची जागा मिळाली. बसण्याआधी त्यांनी सीट रुमालाने पुसली.

मी तिथल्या तिथे मोबाईलवरून भोयेच्या घरी फोन लावला. फोन त्याच्या वडिलांनी घेतला.

"काशिनाथ शाळंवर गेलाय. कोन बोलतंय?"

मी कोण ते सांगितलं. मग मी म्हणाले, "बाबा, ती द्राक्षं काशिनाथमुळे नाही गेली. त्याचं काही चुकलं नव्हतं. मशीनचा दोष होता."

"कोन म्हनतं?"

"त्याचे साहेब. सबनीस साहेब. आत्ता माझ्याशी बोलले."

"साहेब म्हनले?"

"हो."

"मंग ते लिहून देतील का?" म्हातारा म्हणाला. "बागवाल्याला दाखवाया. मी जाईन घेऊन. अजून हाय तो."

बस चौकातल्या गर्दीत अडकली होती. माझ्यापासून दहा पावलांवर. मी फोन तसाच हातात धरून धावत गेले आणि खिडकीवर थाप मारली. सबनीसांनी वाकून पाहिलं. काच अर्धी उघडीच होती.

"भोयेचे वडील फोनवर आहेत," मी म्हटलं. "ते विचारतायत, तुम्ही लिहून द्याल का. दोन ओळी. त्याची चूक नव्हती एवढंच."

सबनीसांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी हात वर नेला आणि काच ओढून घेतली, धूळ आत येत असावी तशी, सावकाश, खिटी लागेपर्यंत. मग समोर पाहायला लागले. बस हलली.

मी फोन कानाला लावला. म्हातारा अजून थांबला होता.